छडीविना वर्ग : गिजुभाई बधेका यांचे जीवनकार्य

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला, की गप्पांच्या ओघात शिक्षेच्या आठवणी हमखास निघतात. कोणाला तळहातावर बसलेली पट्टी आठवते, कोणाला अंगठे धरून उभे राहणे, कोणाला वर्गाबाहेर काढल्याची एखादी लांबलचक दुपार. इतक्या वर्षांनी त्या आठवणी हसत सांगितल्या जातात आणि मार खाल्ला म्हणूनच आम्ही घडलो, असा निष्कर्षही त्यांना सहज जोडला जातो. मात्र पालक या नात्याने शाळेच्या फाटकाशी उभे राहिल्यावर तोच निष्कर्ष स्वतःच्या मुलाला लावण्यास आपले मन धजत नाही. वर्गात शिस्त हवी, पण ती भीतीवाचून यावी कशी, हा प्रश्न मग खराखुरा होऊन पुढे उभा राहतो. सौराष्ट्रातील एका वकिलाला शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी चालता व्यवसाय सोडला आणि उरलेले आयुष्य चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये, जमिनीवर मांडी घालून काढले. ते वकील म्हणजे गिजुभाई बधेका.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका हे त्यांचे पूर्ण नाव. त्यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1885 रोजी सौराष्ट्रातील चितल या गावी झाला. त्यांचे बालपण वळा येथे गेले. हे गाव आज वल्लभीपूर या प्राचीन नावाने ओळखले जाते. त्या काळच्या गावच्या शाळेचे चित्र आपल्याकडच्या जुन्या शाळांहून वेगळे नव्हते. पाढे घोकून म्हणावयाचे, चुकले की हात पुढे करावयाचा, आणि गुरुजींची पाठ वळेपर्यंत पुतळ्यासारखे बसावयाचे. शाळेबाहेर नदी होती, झाडे होती, पाखरे होती. शाळेत मात्र त्यांपैकी कशालाच वाव नव्हता. या दोन जगांमधील अंतर लहानग्या गिजुभाईंच्या मनात खोल रुतले. पुढे शिक्षक झाल्यावर त्यांनी जी धडपड केली, तिच्यामागे हे अंतर मिटविण्याची आस होती.

माध्यमिक शिक्षणानंतर ते भावनगरच्या शामळदास महाविद्यालयात दाखल झाले. परंतु घरच्या आर्थिक परिस्थितीमुळे ते शिक्षण अर्ध्यावर सोडून 1907 मध्ये त्यांना पोटापाण्यासाठी पूर्व आफ्रिकेला जावे लागले. परक्या मुलुखात, एका इंग्रज कायदेपंडिताच्या हाताखाली राहून, आपले काम आपण करण्याची सवय त्यांच्या अंगी बाणली. 1909 मध्ये ते स्वदेशी परतले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. बुद्धी तल्लख, वाणी ओघवती आणि माणसे जोडण्याची हातोटी उपजत असल्याने व्यवसायात त्यांचा जम बसू लागला. इथवरचे चरित्र त्या काळच्या कोणत्याही होतकरू सुशिक्षित तरुणाचे वाटावे असेच आहे.

त्याला कलाटणी मिळाली ती 1913 मध्ये. त्या वर्षी त्यांना मुलगा झाला. नरेंद्र त्याचे नाव. मुलगा मोठा होऊ लागला तसतसा वडिलांच्या मनात एक साधा, पण स्वस्थ बसू न देणारा विचार घोळू लागला : ज्या शाळेत आपण भीत भीत गेलो, त्याच प्रकारच्या शाळेत याला पाठवावयाचे काय? असा विचार बहुतेक बापांच्या मनात येतो आणि प्रवेशाच्या धावपळीत विरूनही जातो. गिजुभाईंच्या मनातून तो गेला नाही. दुसरी चांगली शाळा कोठे आहे, याचा शोध घेत ते चरोतरातील वसो या गावी मोतीभाई अमीन यांना भेटले. बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे हे अध्वर्यू शिक्षणाच्या नव्या विचारांचेही जाणकार होते. त्यांनी गिजुभाईंच्या हाती मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीची ओळख करून देणारे पुस्तक ठेवले.

गिजुभाई ज्या वर्षी आफ्रिकेला निघाले, त्याच 1907 साली रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मॉंटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. दिवसभर आईबाप कामाला गेलेले, मागे राहिलेली मुले जिन्यांवर धुडगूस घालणारी, भिंती खराब करणारी. म्हणून त्यांना कोणीतरी सांभाळावे, एवढाच घरमालकांचा हेतू होता. त्या मुलांना हाताळण्याजोगी साधने, त्यांच्या उंचीचे सामान आणि निवडीचे स्वातंत्र्य मिळाल्यावर ती तासन् तास एकाग्र होऊन काम करू लागली. शिस्त ही कामातून उगवते, हे डॉ. मॉंटेसरी यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. वढवाणच्या वकिलाला या वाचनाने जणू आपल्याच मनातील प्रश्नाचा पत्ता सापडला.

इकडे भावनगरात नानाभाई भट्ट यांनी 1910 मध्ये ‘दक्षिणामूर्ती’ या विद्यार्थिगृहाची स्थापना केली होती. महाविद्यालयातील अध्यापन सोडून विद्यार्थ्यांच्या घडणीला वाहून घेतलेला हा ऋषितुल्य पुरुष. 1916 मध्ये गिजुभाईंनी वकिली सोडली आणि त्या विद्यार्थिगृहात सहायक गृहपती म्हणून ते रुजू झाले. जम बसू लागलेल्या वकिलाने वसतिगृहातील मुलांची देखभाल करण्यास जावे, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय समजुतीत बसणारे नव्हते. पुढे संस्थेच्या विनयमंदिराची, म्हणजे माध्यमिक शाळेची, धुराही त्यांच्याकडे आली.

येथे त्यांना एक अनुभव आला आणि त्याने त्यांच्या कार्याची दिशाच बदलली. माध्यमिक वर्गांत येणारी मुले बारा-तेरा वर्षांची. त्यांना नव्या पद्धतीने शिकवावे, मोकळीक द्यावी, तर ती गोंधळून जात. वर्षानुवर्षे कोणाच्या तरी डोळ्यांच्या धाकाने वागण्याची सवय झालेली. धाक असला की ती मान खाली घालून बसत. धाक सरला की तोच दबलेला जोर दंगा होऊन बाहेर पडे. बक्षिसाचे आमिष दाखविले तर कामाऐवजी बक्षिसावर नजर लागे. वर्तनाच्या ज्या खोडी शिक्षक माध्यमिक शाळेत काढू पाहतो, त्या पडलेल्या असतात कितीतरी आधी, हे गिजुभाईंनी ओळखले. इमारतीचे वरचे मजले नीट करावयाचे तर पायाकडे गेले पाहिजे, या विचाराने ते प्रौढ विद्यार्थ्यांकडून लहान मुलांकडे वळले. लोकांच्या दृष्टीने ही पदावनती होती. त्यांच्या दृष्टीने ती एकमेव वाट होती.

1 ऑगस्ट 1920 रोजी भावनगरात दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. दोनच वर्षांनी तख्तेश्वराच्या टेकडीवर त्याची स्वतंत्र वास्तू उभी राहिली आणि तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले. अडीच-तीन वर्षांपासूनची मुले तेथे येऊ लागली. इतक्या लहान मुलांना शाळेत घालून शिकवावयाचे तरी काय, आणि छडी न घेता त्यांना आवरावयाचे तरी कसे, हे दोन प्रश्न गावात कुतूहलाने आणि काहीशा थट्टेने विचारले जात.

त्या बालमंदिरातील दिवस कसा जाई, हे समजून घेतले म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मुलांच्या हाताला पोहोचतील अशा उंचीवर साधने मांडलेली असत : लाकडी ठोकळे, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे, मण्यांच्या माळा. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, आपल्या आसनावर बसून हवा तितका वेळ हाताळावे आणि झाल्यावर जेथून उचलले तेथे नेऊन ठेवावे. एखादे साधन दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते मोकळे होईपर्यंत थांबावे. या थांबण्यातच मूल आवर शिकत असे, आणि तेही कोणी उपदेश न करता. झाडणे, पुसणे, पाणी भरणे, झाडांना पाणी घालणे, वाढणे ही कामे मुलेच करीत. भांडे हातून पडले तर सांडलेले पाणी पुसून घ्यावयाचे, एवढाच त्या चुकीचा अर्थ. ओरडण्याचे कारण कोणालाच उरत नसे.

स्वातंत्र्य म्हणजे मन मानेल ते करणे नव्हे, याविषयी गिजुभाई काटेकोर होते. दुसऱ्याला इजा करणारे, दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणणारे किंवा वस्तूंची नासधूस करणारे वर्तन तेथे थांबविले जाई. मात्र थांबविण्याची रीत वेगळी होती. मूल आदळआपट करते तेव्हा त्याच्याजवळ करण्याजोगे काही नसावे, किंवा जे दिले ते त्याच्या शक्तीपलीकडचे वा फार सोपे असावे, किंवा ते घरून काही मनाशी घेऊन आलेले असावे, अशी शिक्षकाने आधी शंका घ्यावयाची. ताप आला की वैद्य जसा तापावर रागावत नाही, त्याचे कारण शोधतो, तसे. कारण सापडेपर्यंत मुलाला जवळ बसवून घ्यावयाचे, हाताला नवे काम द्यावयाचे. चारचौघांत पाणउतारा करणे त्यांना माराइतकेच निषिद्ध वाटे. आणि बक्षिसे, क्रमांक, शाबासकीची खैरात यांनाही बालमंदिरात स्थान नव्हते. कारण भीती आणि लालूच ही दोन्ही मुलाचे लक्ष कामावरून काढून मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे नेतात, असा त्यांचा अनुभव होता.

शांततेचा खेळ हे या वर्गाचे मोठे आकर्षण होते. खोलीत मंद उजेड करावयाचा, मुलांनी आपापल्या जागी निश्चल बसावयाचे आणि ऐकावयाचे : घड्याळाची टिकटिक, दूरची बैलगाडी, स्वतःचा श्वास. मग कोपऱ्यातून शिक्षक अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेई आणि ते मूल पावलांचा आवाज होऊ न देता त्याच्यापाशी येई. शांत बसा, असे दरडावून जी शांतता कधी मिळत नाही, ती येथे मुले हौसेने निर्माण करीत, कारण ती त्यांची स्वतःची कामगिरी होती.

गिजुभाई मॉंटेसरींचे अनुयायी होते, पण पढिक अनुयायी नव्हते. मॉंटेसरी पद्धतीत परीकथा आणि कल्पनारम्य गोष्टी यांना फारसे स्थान नाही. गिजुभाईंना मात्र सौराष्ट्राच्या मातीत आजीच्या मांडीवर ऐकलेल्या लोककथांचे सामर्थ्य ठाऊक होते. त्यांनी बालमंदिरात गोष्टीला मानाचे पान दिले, लोककथा गोळा केल्या, मुलांसाठी त्या नव्याने लिहिल्या आणि गोष्ट कशी निवडावी व कशी सांगावी, याचे शास्त्र मांडणारा ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथही सिद्ध केला. गाणी, नाटुकली, मातीकाम, भटकंती यांचीही जोड त्यांनी दिली. गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा, हात, आवाज सारे बोलत असे. भरघोस मिशा असलेला हा धिप्पाड माणूस मुलांमध्ये इतका आईसारखा वावरे, की गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, ही पदवी दिली. एखाद्या पुरुषाला समाजाने प्रेमाने आई म्हणावे, यापरते शिक्षकाला मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

या कार्याशी मराठी माणसाचा संबंध जुळला तो ताराबाई मोडक यांच्यामुळे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या होत्या. मानाची व स्थिर जागा. बालमंदिराचे काम कळल्यावर ती सोडून त्या 1923 मध्ये भावनगरला आल्या आणि सुमारे दशकभर गिजुभाईंच्या सहकारी राहिल्या. दोघांनी मिळून शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिर चालविले, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक काढले. त्याची मराठी आवृत्तीही पुढे ताराबाईंनी संपादित केली. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या एका विचाराला मराठी घर मिळाले, ते महाराष्ट्राबाहेर जाऊन राबलेल्या या स्त्रीमुळे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणाऱ्या आणि तेथे मुले घालणाऱ्या आपणा सर्वांना हा धागा आपला वाटावा, असाच आहे.

गिजुभाईंच्या ग्रंथांपैकी भारतभर पोहोचला तो ‘दिवास्वप्न’. 1930 च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेले हे छोटेखानी पुस्तक एका कल्पित शिक्षकाची कहाणी सांगते. हा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून एका सामान्य प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. मुदत एक वर्ष. बालमंदिराची निवडक साधने येथे नाहीत, निवडक पालक नाहीत. आहे तो नेहमीचा कोंदट वर्ग, परीक्षेचे दडपण, संशयी मुख्याध्यापक आणि मार खाऊन निर्ढावलेली मुले.

या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याचा आरंभ. पहिल्याच दिवशी शिक्षकाची फजिती होते. मोठ्या उमेदीने तो शांततेचा खेळ मांडतो, दारेखिडक्या लावून घेतो आणि मुलांना स्वस्थ बसण्यास सांगतो. कोणी चित्रविचित्र आवाज काढतो, कोणी टाळ्या पिटतो, आणि क्षणार्धात सारा वर्ग डोक्यावर घेतला जातो. शेजारचे शिक्षक वैतागतात, मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात, शिक्षक मुलांना लवकर घरी सोडतो. बालमंदिरात जो खेळ मुलांना प्रिय होता, तोच येथे आपटला. आपल्या आवडत्या पद्धतीचा पराभव आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानांत मांडण्याचे धैर्य गिजुभाईंनी दाखविले, आणि त्यामुळेच पुढचे सारे पटते. त्या शिक्षकासमोर त्या रात्री दोन मार्ग होते : मुले बिघडलेली आहेत असे म्हणून छडी घेणे, किंवा आपण मुलांना न ओळखताच कामाला लागलो, हे मान्य करणे. तो दुसरा मार्ग धरतो.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात येतो आणि एक गोष्ट सुरू करतो. मघापर्यंत हुंदडणारी मुले हळूहळू जवळ सरकतात आणि खिळून बसतात. हजेरी घ्यावयास तो गोष्ट थांबवितो, तेव्हा हजेरी झटपट उरकावी म्हणून मुलेच एकमेकांना गप्प करतात. शिस्त प्रथम आली ती अशी, मुलांच्या गरजेतून. गोष्टींचा हा क्रम बरेच दिवस चालतो. अभ्यास कधी सुरू करणार, अशी विचारणा वरून होते. पण गोष्टींनी मुलांचा विश्वास कमावलेला असतो. मग वर्गात पुस्तके येतात, गोष्टींतून वाचनाची ओढ लागते, खेळ येतात, खेळांतली भांडणे येतात आणि ती मिटविण्याचे शिक्षणही येते. वाढलेली नखे, मळक्या टोप्या, तुटलेल्या गुंड्या यांविषयी तो रागावत नाही. स्वच्छतेलाच वर्गातील काम बनवितो. पालकांची सभा बोलावतो, तर येतात थोडेच. हा तपशील वाचताना आजच्या पालकालाही क्षणभर ओशाळल्यासारखे होते. वर्षाअखेरीस मुले नाटक करतात, वाचतात, लिहितात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणी दटावणारे समोर नसतानाही नीट वागतात. संशय घेणारे सहकारीसुद्धा विचारात पडतात.

कोणतीही युक्ती, ती कितीही चांगली असली तरी, मुलांशी नाते जुळण्याआधी वापरली तर फसते, हा या कहाणीचा गाभा आहे. वर्गातील वर्तन सुधारण्याचा आरंभ शिक्षकाने स्वतःच्या अपेक्षा, स्वतःची घाई आणि स्वतःचा राग तपासण्यापासून होतो. गिजुभाईंनी प्रशिक्षणार्थींना निरीक्षणावर भर द्यावयास शिकविले. मूल काय करते, कोणत्या वेळी करते, कशापाशी रमते, कशापासून दूर पळते, हे आधी पाहावयाचे आणि मगच हस्तक्षेप करावयाचा.

शाळेइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष त्यांनी घराकडे दिले. शाळेत चार तास लाभलेली मोकळीक घरी एका चपराकीने पुसली जाते, हे ते नित्य पाहत होते. म्हणून त्यांनी आईबापांसाठी पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ म्हणजे आईबाप होणे अवघड आहे, आणि ‘आ ते शी माथाफोड?’ म्हणजे ही कसली डोकेफोड, ही त्यांची शीर्षकेच घरोघरच्या प्रसंगांवर बोट ठेवणारी आहेत. पाहुण्यांसमोर मुलाला गाणे म्हणावयास लावणे, बागुलबुवाची भीती घालून झोपविणे, भावंडांची तुलना करणे, स्वतःच्या दिवसाचा वैताग मुलावर काढणे, मुलाला काम करू न देता नंतर आळशी म्हणणे, अशा आपल्या वागण्यातूनच मुलाचे वर्तन घडते, हे त्यांनी चिमटा काढीत, पण प्रेमाने दाखवून दिले. मुलांसाठी, पालकांसाठी व शिक्षकांसाठी त्यांनी लिहिलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या घरात जाते.

त्यांच्या कार्याला मर्यादा होत्या. बालमंदिर हे शहरातील, तुलनेने सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांपुरते राहिले, साधने महाग पडत, आणि प्रतिभावान शिक्षकाच्या वर्गात जे साधते ते पन्नास-साठ मुलांच्या वर्गात थकलेल्या शिक्षकाला साधेलच असे नाही, हे आक्षेप गैरलागू म्हणता येत नाहीत. ‘दिवास्वप्न’ हे नाव देताना आणि त्यासाठी बालमंदिराऐवजी साधा सरकारी धाटणीचा वर्ग निवडताना गिजुभाईंच्या मनात हेच आक्षेप असावेत, असे वाटते. गोष्ट सांगण्यासाठी साधन लागत नाही, मुलाचे नाव प्रेमाने घेण्यास पैसे पडत नाहीत, आणि अपमान न करण्याला तर काहीच खर्च येत नाही, हे त्या पुस्तकातून सहज उमगते.

1936 मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. दोन दशके रक्ताचे पाणी करून वाढविलेली संस्था मागे ठेवून त्यांनी राजकोट येथे नवे अध्यापन मंदिर सुरू केले. जेथे शिक्षक घडेल तेथे शाळा घडेल, ही त्यांची धारणा अखेरपर्यंत टिकली. परंतु अखंड श्रमांनी शरीर पोखरले होते. 23 जून 1939 रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्यांच्या विचारांनी त्यांचे आयुष्य पालटले, त्या डॉ. मॉंटेसरी त्याच वर्षाच्या अखेरीस मद्रासला आल्या आणि पुढची काही वर्षे त्यांनी भारतात शिक्षक घडविले. त्यांचे स्वागत करावयास गिजुभाई तेव्हा नव्हते.

त्यांच्या कार्याची उरलेली वाट ताराबाईंनी चालून दाखविली. मुंबईत दादरला शिशुविहार, नंतर 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवरील आदिवासी मुलांसाठीचे काम, असा त्यांचा प्रवास झाला. शहरी साधनांच्या जागी बिया, शंख, पाने, मातीची खेळणी आली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीने देशाला दिला. या कामात अनुताई वाघ यांची त्यांना आयुष्यभराची साथ लाभली. गिजुभाईंच्या बालमंदिरावर जो आक्षेप घेतला जाई, त्याचे उत्तर असे त्यांच्या सहकारिणीनेच दिले.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली. गिजुभाईंनी बालमंदिरातून छडी हद्दपार केली, त्याला तोवर जवळजवळ नव्वद वर्षे लोटली होती. कायद्याने छडी काढून घेतली. पण तिच्या जागी काय ठेवावयाचे, हे कायदा सांगू शकत नाही. रिकाम्या हातांनी वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला आज ज्याची गरज आहे, ते गिजुभाईंपाशी आहे : मुलाला गुंतवून ठेवील असे काम, त्याच्या वर्तनाचे कारण शोधण्याइतका धीर, आणि फजिती झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात येऊन गोष्ट सुरू करण्याची तयारी.

शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना आपल्याला मार देणारे शिक्षक आठवतात, तसेच एखादे असेही आठवतात, ज्यांच्या तासाला वर्ग आपोआप शांत होई. त्यांनी आवाज चढविल्याचे आपल्याला स्मरत नाही. त्यांनी काय सांगितले, ते मात्र स्मरते. गिजुभाईंचे नाव कदाचित त्या गुरुजनांच्या कानांवरूनही गेले नसेल. तरीही तख्तेश्वराच्या टेकडीवर जे घडत होते, तेच त्यांच्या वर्गात घडत होते. आपल्या मुलांच्या वाट्याला असे वर्ग अधिक यावेत, यासाठी शाळेने शिक्षकाला वेळ आणि विश्वास द्यावा, आणि आपण पालकांनी सभेचे निमंत्रण आले की जावे. गिजुभाईंच्या कल्पित शिक्षकाने मांडलेल्या बऱ्याचशा खुर्च्या त्या दिवशी रिकाम्याच राहिल्या होत्या.